उतरणीला लागलेल्या कॉमेडी मालिका आणि इंडी बँड: नेमकं कुठे थांबायचं?

रिकामा_फलाट

'द ऑफिस' (अमेरिकन), 'कम्युनिटी' आणि 'अरेस्टेड डेव्हलपमेंट' सलग पाहायच्या आहेत. शिवाय स्ट्रोक्स, इंटरपोल आणि पिक्सीज यांचे नंतरचे अल्बम ऐकायचे आहेत. तिन्ही मालिकांबद्दल आणि तिन्ही बँडबद्दल 'सुरुवातीचंच बघा, सुरुवातीचंच ऐका' एवढंच सगळीकडे वाचायला मिळतं. मला जरा नेमकं हवंय. कुठल्या सीझनपासून काय बिघडतं, का बिघडतं, आणि नंतरचं काय मुळीच चुकवू नये? सरसकट शेरे नकोत.

तिसरी_घंटा

सीझनचा आकडा बघू नका, श्रेयनामावली बघा. लेखकांच्या खोलीचा प्रमुख, म्हणजे शोरनर, बदलला की मालिकेचा सूर बदलतो. नट तेच असतात म्हणून ते लगेच लक्षात येत नाही, एवढंच.

'कम्युनिटी' हे याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. पहिले तीन सीझन डॅन हार्मनचे. चौथ्याला त्याला काढलं आणि १३ भाग दुसऱ्यांनी चालवले. तिथे विडंबनाचा सांगाडा शाबूत आहे, पण आत माणसं नाहीत. आधी प्रत्येक विडंबनाच्या मुळाशी एखाद्या पात्राची भीती किंवा हट्ट असायचा. चौथ्यात आधी कल्पना येते आणि मग पात्रं तिच्यात कोंबली जातात. पाचव्याला हार्मन परतला आणि मालिकेतच चौथ्या वर्षाला 'गॅसगळतीचं वर्ष' म्हणून मोकळा झाला. म्हणून चौथा गाळला तरी चालेल, पाचवा मात्र बघाच. ट्रॉय हे पात्र पाचव्यातच निघून जातं आणि तो निरोपाचा भाग संपूर्ण मालिकेतल्या उत्तम भागांपैकी आहे. सहावा सीझन २०१५ साली याहू स्क्रीन या ऑनलाइन सेवेवर आला. जाहिरातींच्या वेळेचं बंधन सुटल्यामुळे भाग लांबले आणि गती मंदावली, पण लेखन प्रामाणिक आहे.

'द ऑफिस' जास्त गुंतागुंतीची आहे. मॅनेजर मायकलची भूमिका करणारा स्टीव्ह करेल सातव्या सीझनमध्ये, २०११ ला गेला आणि लोक तिथेच रेघ मारतात. खरं तर घसरण आधीच सुरू झाली होती, ती पात्रांच्या पातळीवर. हिशेबनीस केविनचंच बघा. दुसऱ्या सीझनच्या शेवटी, कसिनोच्या रात्री, कळतं की या माणसाने पोकरच्या जागतिक स्पर्धेत ब्रेसलेट जिंकलंय. मंद बोलणारा, पण आत काहीतरी शिजत असलेला माणूस. अखेरच्या भागापर्यंत तो हिशेब जुळवायला स्वतःच एक नवा आकडा शोधून काढणारा झालेला असतो. विनोद म्हणून ते हसवतं, पण माणूस संपलेला असतो. एकच लकब ताणत नेली की पात्राचं असंच होतं.

जुनी_कॅसेट

वरच्या मुद्द्यांशी सहमत, पण ऑफिसचा नववा सीझन सोडू नका. आठवा खुशाल सोडा. त्यात मॅनेजरची खुर्ची कोणाची हेच लेखकांचं ठरत नाही आणि जेम्स स्पेडरचं पात्र कशासाठी आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. नवव्यासाठी मूळ निर्माता ग्रेग डॅनियल्स परत सूत्रं घेतो. अँडीचा भाग फसलाय, कारण त्याची भूमिका करणारा एड हेल्म्स सिनेमाच्या चित्रीकरणाला गेला म्हणून पात्राला बोटीवर पाठवून द्यावं लागलं. पण मालिका माहितीपटाच्या रूपात रचलेली आहे, आणि इतकी वर्षं कॅमेऱ्यामागे असलेली माणसं प्रथमच गोष्टीत येतात, आणि शेवटचे चार-पाच भाग मालिकेचं देणं फेडतात.

'अरेस्टेड डेव्हलपमेंट'बद्दल मात्र नीट वाचा, कारण इथे चूक करणं फार सोपं आहे. फॉक्स वाहिनीवरचे तीन सीझन (२००३ ते २००६, ५३ भाग) डोळे झाकून बघा. नेटफ्लिक्सच्या चौथ्या सीझनच्या दोन आवृत्त्या आहेत. २०१३ ची मूळ, १५ भागांची. आणि २०१८ मध्ये तोच मजकूर कालक्रमाने कापून केलेली २२ भागांची. मूळच बघा. सगळ्या नटांच्या तारखा एकत्र मिळेनात म्हणून प्रत्येक भाग एका पात्राभोवती रचला. त्यामुळे एकच प्रसंग तीन-चार बाजूंनी दिसतो आणि पहिल्या भागातला विचित्र क्षण सातव्यात जाऊन उलगडतो. कालक्रम लावला की हा उलगडाच मरतो आणि निवेदकाला सतत समजावत बसावं लागतं. मूळ आवृत्तीचा दोष वेगळा: भाग अर्ध्या तासाच्या पुढे जातात. आधीची मालिका २२ मिनिटांच्या कात्रीत घडलेली होती आणि ती कात्रीच तिची ताकद होती. चौथा सीझन आठवडाभरात संपवा, महिनाभर रेंगाळलात तर धागे हातून सुटतील.

खर्जातला_बेस

बँडांकडे वळतो. इथेही 'कोण गेलं' आणि 'कसं रेकॉर्ड केलं' हेच दोन प्रश्न विचारा.

इंटरपोल: पहिल्या दोन अल्बममध्ये (२००२, २००४) कार्लोस डेंग्लरचा बेस बाकीच्या गिटारांमागे लपत नाही, स्वतःची चाल वाजवतो. हेडफोन लावून फक्त बेस ऐका, दोन गिटार त्याच्याभोवती जाळी विणताहेत असं जाणवेल. चौथा अल्बम रेकॉर्ड करून २०१० ला तो बाहेर पडला. २०१४ च्या 'एल पिंटोर'वर गायक पॉल बँक्सनेच बेस वाजवला. अल्बम चांगला आहे, पण तिथे बेस गाण्याला आधार देतो, गाणं ओढून नेत नाही. फरक आहे तो तेवढाच, पण मोठा आहे.

स्ट्रोक्स: पहिले दोन अल्बम अनुक्रमे ३६ आणि ३३ मिनिटांचे. तिसरा, २००६ चा, १४ गाण्यांचा आणि ५२ मिनिटांचा. त्यातली पाच गाणी काढली असती तर त्याची गणना पहिल्या दोघांबरोबर झाली असती. पहिल्या अल्बमवर गायक ज्युलियनचा आवाज सरावाच्या छोट्या अँप्लिफायरमधून घेतलाय, त्यातूनच तो टेलिफोनसारखा खरखरीतपणा आला. २०११ च्या 'अँगल्स'ला त्याने गायन बाकीच्यांपासून वेगळं रेकॉर्ड केलं, आणि बँड एका खोलीत नाही हे स्पष्ट ऐकू येतं. मग २०२० चा 'द न्यू अब्नॉर्मल': निर्माता रिक रुबिन, फक्त नऊ गाणी, गाण्यांना श्वास घ्यायला जागा. हा अजिबात चुकवू नका.

पिक्सीज: १९८८ ते १९९१ मधले चारही अल्बम क्रमाने. बेसवादक आणि सहगायिका किम डील २०१३ ला बाहेर पडली. २०१४ चा 'इंडी सिंडी' म्हणजे तीन ईपी (मोजक्या गाण्यांचे छोटे संच) एकत्र शिवलेला अल्बम, त्यामुळे तो सलग ऐकला की कंटाळवाणा होतो. ईपीच्या क्रमाने तुकड्यांत ऐका. तरी तिचा मागून येणारा थंड, सरळ आवाज नसल्याने गायक ब्लॅक फ्रान्सिसच्या किंकाळीला उतारा राहत नाही, हे जाणवणारच.

रिकामा_फलाट

हेच हवं होतं, मनापासून आभार. एकच शंका: पुन्हा एकत्र आलेल्या बँडांपैकी कोणाचं नंतरचं काम आधीच्या तोडीचं आहे?

खर्जातला_बेस

डायनासोर ज्युनियर आणि स्लोडाइव्ह. डायनासोरचा मूळ संच २००५ ला परत जमला, २००७ चा 'बियाँड' ऐका. बेसवादक लू बार्लो परतल्यावर बेस पुन्हा कॉर्ड ठोकत वाजतो आणि गिटारवादक मॅस्किसच्या सोलोंना खाली भक्कम जमीन मिळते. स्लोडाइव्हचा २०१७ चा अल्बम तर २२ वर्षांच्या खंडानंतरचा, आठच गाणी. ड्रम आधीपेक्षा पुढे आणलेत आणि त्यामुळे सगळा धूसरपणा कण्यावर उभा राहतो. सुरुवात तिथूनच केलीत तरी चालेल, नव्वदच्या दशकातले अल्बम त्यानंतर जास्त उमगतील.