मासेमार संस्थेने सभासदत्व नाकारलं, आता काय?

प्रश्न (उमरेडकर): तलावाचा ठेका गावच्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे आहे. सभासद नसलो तर जाळं टाकता येत नाही. अर्ज दिला तर सचिव तोंडी म्हणतात, 'तुम्ही मासेमार नाही.' हे कोण ठरवतं?

जाळंपाणी: सचिव नाही, निबंधक, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 11: अर्जदार अमुक धंदा करतो की नाही, कार्यक्षेत्रात राहतो की नाही, हा वाद निबंधकाकडेच जातो. तोंडी नकाराला तर काहीच किंमत नाही भाऊ. अर्जाची पोच घेतली का? कलम 22 प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर सभासदत्व मिळालं असं धरतात. पण पोच नसेल तर तीन महिने मोजणार कुठून? बहुतेक प्रकरणं इथंच फसतात.

ढीवरटोला: अर्जच घेत नसतील तर भागाची (शेअरची) रक्कम व प्रवेश शुल्कासह तो निबंधकामार्फत पाठवा, कलम 23 मध्ये सोय आहे. लेखी नकार आला तर त्याच कलमाखाली अपील. आधी उपविधींची (संस्थेच्या स्वतःच्या नियमांची) प्रत मिळवा, पात्रतेची अट शब्दशः वाचा. जातीचा दाखला म्हणजे धंद्याचा पुरावा नव्हे. मासळी विक्रीच्या पावत्या, बाजारातल्या व्यापाऱ्याची वही, रहिवासी दाखला जोडा.

उमरेडकर: पोच नाही. उद्याच स्पीड पोस्टाने पाठवतो.

जाळंपाणी: पोचपावतीसह. ती जपून ठेवा.