दात काढल्यावर इम्प्लांटसाठी हाड कसं टिकवायचं?

प्रश्न (पिंपळगाव बसवंत)
वरची डावी पहिली उपदाढ हिरडीखाली तुटलीय, काढावीच लागेल. पू नाही. गालाकडची हाडाची भिंत शाबूत आहे, पण सीबीसीटीत (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रे स्कॅनमध्ये) जेमतेम पाऊण मिलिमीटर दिसते. पेशंट द्राक्ष बागायतदार. दात ऑक्टोबर छाटणीआधी काढायचा, पुढचं सगळं, म्हणजे इम्प्लांट (हाडात बसवायचं कृत्रिम मूळ), माल निघाल्यावर, एप्रिलमध्ये. सॉकेट (दाताची रिकामी खोबण) आपोआप भरू द्यावं की ग्राफ्ट (हाडाची भर) घालावं? मिश्रीची सवय आहे.

उत्तर (गंगापूर रोड, नाशिक)
डॉक्टर, सहा महिने मध्ये जाणार असतील तर रिकामं सोडू नका. ती पातळ भिंत बहुतेक बंडल बोनची (दाताला धरून ठेवणाऱ्या हाडाच्या थराची) असते. तिचा रक्तपुरवठा दाताला हाडाशी जोडणाऱ्या लिगामेंटवर, त्यामुळे दात गेला की ती विरघळते. काहीच केलं नाही तर सहा महिन्यांत रुंदी सरासरी साडेतीन ते चार मिमी आणि उंची सव्वा मिमीच्या आसपास घटते. ग्राफ्टने घट कमी होते, थांबत नाही. पेशंटला हे आधीच सांगा.

फ्लॅप (हिरडीचा पदर) उचलू नका. पेरिऑस्टियम (हाडावरचं आवरण) सुटलं की भिंतीचा उरलेला रक्तपुरवठाही जातो. पेरिओटोम (पातळ पात्याचं हत्यार) बाजूंनी आणि टाळूकडून चालवा, गालाकडे जोर नको. दोन मुळं असतील तर वेगळी करून एकेक काढा. सॉकेट क्युरेटने नीट खरवडा, सलाइनने धुवा, आतून ताजं रक्त यायलाच हवं. ग्राफ्टचे 0.25 ते 1 मिमीचे दाणे सलाइनमध्ये भिजवून हाडाच्या काठापर्यंत हलक्या हाताने भरा. अर्धा ग्रॅम पुरतो. इथेच बहुतेक चुका होतात: ठासून भरलं की दाण्यांमध्ये रक्तवाहिन्या शिरायला जागा राहत नाही, आणि एप्रिलमध्ये ड्रिल घालताना सुटे दाणे बाहेर येतात. वर कोलॅजन मेम्ब्रेन (पातळ पडदा), कडा हिरडीखाली दोन-तीन मिमी सरकवून, मग 5-0 च्या बारीक धाग्याने क्रॉस मॅट्रेस (फुलीसारखा) टाका घाला. टाके 10 ते 14 दिवसांनी काढा.

उत्तर (सिडको, नाशिक)
दाणे कशाचे आहेत हे संमतिपत्रात लिहा आणि तोंडीही सांगा. बरेच ग्राफ्ट गाईबैलांच्या हाडापासून बनतात, काही मेम्ब्रेन डुकराच्या कोलॅजनची असतात. आपल्याकडे अनेकांना ते चालत नाही, आणि नंतर कळलं तर विश्वास जातो. हायड्रॉक्सिॲपटाइट आणि बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचं कृत्रिम मिश्रण हा पर्याय आहे.

प्रश्नकर्ता
आणि मिश्रीचं काय? पूर्ण सोडणार नाहीत.

उत्तर (गंगापूर रोड, नाशिक)
तंबाखूने जखम भरायला वेळ लागतोच, पण मिश्रीत बोट थेट टाक्यावर घासलं जातं. मेम्ब्रेन सरकते, दाणे सांडतात. निदान महिनाभर त्या बाजूला बोट लावायचं नाही, हे घरच्यांसमोर सांगा. ऐकणार नाहीत असं वाटलं तर कोलॅजनऐवजी डेन्स पीटीएफई (न विरघळणारी कृत्रिम मेम्ब्रेन) वापरा. उघडी राहिली तरी चालते, तीन-चार आठवड्यांनी ओढून काढायची. त्या एका फेरीची तारीख आत्ताच ठरवून घ्या.

एप्रिलमध्ये सीबीसीटी परत काढा. 4 मिमीच्या इम्प्लांटला गालाकडे 2 आणि टाळूकडे 1 मिमी धरून 7 मिमी रुंदी लागते. त्याहून कमी भरली तर इम्प्लांटसोबत गालाकडे पुन्हा ग्राफ्ट करावं लागेल; तो खर्च आजच्या अंदाजपत्रकात दाखवा.