मदत हवी आहे: १३ वर्षांची खो-खोपटू, गुडघेदुखी आणि ताकदीचा व्यायाम

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

माझी मुलगी १३ वर्षांची, आठवीत. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी राहतो. तिसरीपासून खो-खो खेळते. संरक्षण तिचं विशेष चांगलं, गेल्या वर्षी किशोरी गटात जिल्ह्याकडून खेळली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० हरवलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. तो गुणफलक तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. किशोरी गट १४ वर्षांखालचा, म्हणजे तिचं हे शेवटचं वर्ष. निवडचाचणी दोन महिन्यांवर आहे.

तिचा आठवडा असा. सोमवार ते शनिवार सकाळी दीड तास: नदीकाठच्या वाळूत धावणं, मग बैठका. संध्याकाळी दोन तास मैदानावर. रविवारी बहुतेक वेळा सराव सामने. शाळेत शारीरिक शिक्षणाचा तास असतो तो वेगळाच. बैठकांमध्ये एक प्रकार असा आहे की जोडीदार मुलीला खांद्यावर घ्यायचं आणि वीस बैठका मारायच्या.

दिवाळीपासून तिचा डावा गुडघा दुखतोय. वाटीवर नाही, वाटीच्या खाली हाडाला जो उंचवटा असतो तिथे. हात लावला तरी कळवळते. जिना उतरताना, पाटीत बसून खो मिळाल्यावर उठताना आणि खांबावर सूर मारून उतरल्यावर जास्त. झोपेत दुखत नाही. घरी तेल चोळलं, शेकलं, पट्टा बांधला. दोन दिवस बरं वाटतं, परत तेच.

सर म्हणतात मांड्या कमकुवत आहेत, बैठका वाढवा. गावातल्या जिममधला मुलगा म्हणाला, माझ्याकडे पाठवा, तीन महिन्यांत पाय तयार करतो, सोबत प्रोटीनचा डबा घ्या. सासूबाईंचा जिमला ठाम विरोध आहे. वजनं उचलली की उंची खुंटते आणि पुढे बाळंतपणाला त्रास होतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या दाराच्या चौकटीवर दर वाढदिवसाला पेन्सिलने खूण करतो. गेल्या वर्षात ती ७ सेंटीमीटर वाढली. ही वाढ थांबली तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही.

खेळ बंद कर असं मला तिला सांगायचं नाही. मैदानावर ती जशी असते तशी मी तिला घरात कधीच पाहत नाही. मला इतकंच कळून घ्यायचंय: या वयात ताकदीचा व्यायाम करावा का, केला तर कोणता आणि किती, आणि सरांशी हे कसं बोलावं?

क्रीडा फिजिओ, पुणे

ताई, तपासल्याशिवाय निदान करणार नाही, तुम्ही अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवाच. पण तुम्ही सांगितलेली जागा, वय आणि वर्षाला ७ सेंटीमीटर वाढ, हे तिन्ही एकत्र आलं की आमच्या मनात पहिलं नाव येतं ऑसगुड-श्लॅटर. मांडीचा मोठा स्नायू वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथे चिकटतो, तिथे या वयात पक्कं हाड नसतं, वाढणारी कूर्चा असते. हाडं भराभर लांब होतात, स्नायू मागे पडून ताणलेला राहतो. त्यात रोज धावणं, उड्या, बैठका. प्रत्येक वेळी तो स्नायू त्याच कोवळ्या जागेला ओढतो. मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्या. त्यामुळे मुलींमध्ये हे दुखणं लवकर दिसतं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं थांबतं. पण तोवर दात-ओठ खाऊन खेळायचं, असा त्याचा अर्थ नाही.

आता आकडा बघा. सकाळी दीड आणि संध्याकाळी दोन, असे साडेतीन तास गुणिले सहा: २१ तास. रविवारचे सामने वेगळे. मुलांच्या बाबतीत आम्ही एक साधा ठोकताळा वापरतो की आठवड्यातले संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, आणि आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस सुट्टी असावी. तुमची मुलगी १३ वर्षांची आहे. तिच्या मांड्या कमकुवत असतीलही, पण आत्ता त्या मुळात थकलेल्या आहेत. थकलेल्या स्नायूला बैठका वाढवून ताकद येत नाही.

आजींना माझा नमस्कार सांगा. देखरेखीखाली, योग्य पद्धतीने केलेल्या ताकदीच्या व्यायामाने उंची खुंटत नाही, हे आता नीट अभ्यासलं गेलंय. मुलांना जिममध्ये इजा होतात त्या बहुतेक कुणी बघायला नसताना, वजन अंगावर पडून किंवा झेपणार नाही एवढं उचलायला जाऊन. आणि मला जे सर्वांत खटकलं ते हे: ज्या मुलीला दोन किलोचा डंबेल द्यायला घर घाबरतंय, तिच्या खांद्यावर रोज अख्खी मुलगी बसतेय. जोडीदाराचं वजन किती आहे? ३५-४० किलो असेल तर तुमची मुलगी आत्ताच स्वतःच्या वजनाएवढा भार उचलतेय, तोही हलणारा. तो व्यायाम आजच बंद करा.

रात्री झोपेतून जाग येण्याइतकं दुखणं, गुडघ्याला सूज, गुडघा अडकणं, लंगडणं, ताप किंवा उडी मारताना एकदम 'कट्' होऊन पाय टेकता न येणं, यातलं काहीही झालं तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि डॉक्टरांना खुबाही तपासायला सांगा. या वयात खुब्याचं दुखणं कधीकधी गुडघ्यात जाणवतं.

जुनी खेळाडू

मी बारा वर्षं खेळले, आक्रमणात. फिजिओंनी सांगितलं त्यात मैदानावरच्या दोन गोष्टी जोडते.

एक, पाटीत बसताना मुलगी कोणता पाय पुढे ठेवते ते बघा. आपल्याकडे ती सवय लहानपणी लागते आणि मग वर्षानुवर्षं त्याच पायाने उठायचं, त्याच पायाने पहिलं पाऊल टाकायचं. माझा डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट जाड होता. दुखणारा गुडघा आणि उठायचा पाय एकच निघाला तर आश्चर्य वाटायला नको.

दुसरं, खांब. सूर मारण्याचं कौतुक सगळे करतात, उतरायचं कसं हे कुणी शिकवत नाही. पाय टेकताना गुडघे आत वळले, एकमेकांकडे झुकले, की सगळा भार चुकीच्या जागी जातो. मुलींमध्ये हे जास्त होतं, आणि गुडघ्यातला मोठा अस्थिबंध तुटण्याचा धोकाही आपल्याला मुलांपेक्षा जास्त. माझा एकविसाव्या वर्षी तुटला. तेव्हा कुणीतरी मला पायरीवरून उतरून दोन सेकंद स्थिर उभं राहायला शिकवलं असतं तर, असं आजही वाटतं. रोज किती सूर मारते ते मोजा. पन्नास-साठ होत असतील. सध्या शून्य करा, नंतर दहापासून वाढवा.

सरांशी बोलताना मुलींसमोर बोलू नका. सराव संपल्यावर जा, तक्रार घेऊन नको, वही घेऊन जा. त्यांच्या मनात वाईट नसतं, त्यांनाही तसंच घडवलं गेलंय.

पैलवानाचा बाप, कोल्हापूर

मला हे पटत नाही, स्पष्ट बोलतो. आमच्या तालमीत पोरं पाचशे जोर, हजार बैठका मारतात, एकमेकाला पाठीवर घेऊन पळतात. माझा पोरगा दहाव्या वर्षापासून करतोय, आज एकोणीसचा आहे, ठणठणीत. एवढं जपून पोरं तयार होत नसतात.

क्रीडा फिजिओ, पुणे

दादा, तुमच्या मुलाचं मनापासून कौतुक. पण त्याच्याबरोबर दहाव्या वर्षी तालमीत आलेली किती पोरं आज आखाड्यात आहेत? जी टिकली ती आपल्याला दिसतात, गुडघा-खांदा धरून घरी गेलेली दिसत नाहीत. आणि चांगला वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी हजार बैठका सांगत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आधी पंचवीस, अंग तयार झालं की पन्नास, तेही पोरगं बघून. मी त्याच चढत्या हिशोबाबद्दल बोलतोय.

पैलवानाचा बाप, कोल्हापूर

वस्तादांचं म्हणाल तर ते खरं आहे. आमचे वस्ताद पोराचा चेहरा बघून आज बस म्हणायचे. आणि सोबतच्या आठ जणांपैकी दोघंच राहिले, हेही खरं.

दोन मुलींची आई

ताई, सकाळी दीड तास वाळूत पळायला जाताना ती काय खाऊन जाते? आमची थोरली उपाशीपोटी जायची. पाळी सुरू झाल्यावर चेहरा पांढरा पडला, पळती निम्म्यावर आली, सगळे म्हणाले आळशी झाली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९. तेव्हा तपासून घ्याच, आणि पाळी नियमित आहे का हेही बघा. भरपूर सराव आणि कमी खाणं असलं की पाळी लांबते किंवा बंद होते, आणि ते हाडांना वाईट. "बरं झालं, कटकट नाही" असं म्हणून सोडू नका. प्रोटीनचा डबा नको. मूठभर शेंगदाणे-गूळ, मटकीची उसळ, दूध, खात असाल तर दोन अंडी, यात होतं. झोपसुद्धा, या वयात आठ तासांपेक्षा कमी नको. पहाटे पाचला उठायचं तर रात्री नऊला दिवा बंद.

क्रीडा फिजिओ, पुणे

व्यायामाचं राहिलंच. डॉक्टरांनी हरकत नाही म्हटल्यावर आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, अर्धा तास. जिमची गरज नाही. भिंतीला पाठ टेकवून अर्धं बसायचं आणि ३० ते ४५ सेकंद तसंच राहायचं, असं पाच वेळा. गुडघा जास्त वाकवायचा नाही, दुखेल त्याच्या अलीकडे थांबायचं. पाठीवर झोपून कंबर उचलणं. बाकड्यावर हात ठेवून जोर. टाचा उचलणं. कुशीवर कोपर टेकवून अंग सरळ धरणं. काठी पाठीला लावून कमरेतून वाकायला शिकणं, हे नीट जमलं तरच पुढे हातात वजन. प्रत्येकी आठ ते बारा वेळा, दोन फेऱ्या, आणि शेवटची दोन आवर्तनं अजून शिल्लक वाटतील तिथे थांबायचं.

दुखण्याला दहापैकी गुण द्यायला तिला शिकवा. तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं खाली आलेलं हवं. आलं नाही तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं. हे तिने स्वतः रोज लिहावं.

धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, माफ करा. सगळ्यांचे सल्ले कागदावर उतरवून फ्रिजवर लावले होते.

डॉक्टरांनी तेच निदान केलं, खुबा व्यवस्थित आहे. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. आता ती केळं आणि शेंगदाण्याचा लाडू खाल्ल्याशिवाय बाहेर पडत नाही. जुनी खेळाडू ताई, तुम्ही म्हणालात तसंच निघालं, उठायचा पाय डावाच आहे.

सरांकडे वही घेऊन गेले. मला वाटलं चिडतील. २१ या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एवढे होतात? मी कधी बेरीजच केली नव्हती." खांद्यावर घेऊन बैठका त्यांनी पंधरा वर्षांखालच्या सगळ्याच मुलींच्या बंद केल्या. वाळूतलं धावणं आता आठवड्यातून दोनदा, रविवार पूर्ण सुट्टी. एकूण बारा-तेरा तास होतात. काही पालक कुरकुरतायत की चाचणी तोंडावर असताना सराव कमी केला. त्यांची काळजी मला कळते, मीही दोन महिन्यांपूर्वी तेच म्हटलं असतं.

सासूबाई सुरुवातीला काही बोलल्या नाहीत. आता भिंतीला टेकून बसायच्या व्यायामाला समोर खुर्ची घेऊन बसतात आणि पंचेचाळीसपर्यंत मोठ्याने मोजतात. मध्येच उठली तर पुन्हा एकपासून.

गुडघा जिना उतरताना आता शून्य. गेल्या आठवड्यात खांबावर दहा सूर मारले, लगेच दोन, सकाळी शून्य. आता प्रश्न असा की चाचणी तीन आठवड्यांवर आहे. पाठवू का? तिला विचारलं तर ती हो म्हणणारच, म्हणून तुम्हाला विचारतेय.

क्रीडा फिजिओ, पुणे

आकडे चांगले आहेत. एक तपासा. बाकड्यावरून एका पायाने उठायचं आणि सावकाश परत बसायचं, आरशासमोर. उजव्या पायाने जितक्या वेळा जमतं त्याच्या जवळपास डाव्याने जमायला हवं, गुडघा आत न वळता, आणि दुखणं तीनच्या वर न जाता. मोठा फरक असेल तर आक्रमणात खांब न देता तिला संरक्षणातच खेळवायला सरांना सांगा, तसंही ती तिथेच भारी आहे. सूर दहावरून पंधरा, मग वीस, त्यापुढे नको, आणि तेही एक दिवसाआड. शेवटचे तीन दिवस हलका सराव. डॉक्टरांना चाचणीची तारीख सांगून एकदा दाखवून घ्या, अंतिम शब्द त्यांचा.

धागाकर्ती

आज तिची कविता पाठांतराची परीक्षा आहे, दमून येईल. उद्या संध्याकाळी दोन्ही पायांचं मोजून इथे लिहिते.