वधू-वर सूचीतील माहिती आणि नवा डेटा कायदा : मंडळाने काय करावे?

प्रश्न : सुदामानगर, इंदूर

आमच्या मंडळाच्या वधू-वर सूचक विभागाचे काम मी सहा वर्षांपासून पाहते. मेळाव्याआधी भरून घेतलेल्या फॉर्मवर जन्मवेळ, गोत्र, शिक्षण, पगार, घरचा पत्ता, वडिलांचा मोबाइल क्रमांक आणि छायाचित्र असते. पूर्वी याची छापील पुस्तिका निघे आणि ती घेणाऱ्यांच्या घरातच राहत असे; आता तिचीच पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरते. गेल्या महिन्यात एका वडिलांचा फोन आला. मुलीच्या लग्नाला तीन वर्षे झाली, तरी तिच्यासाठी स्थळे सुचवणारे फोन अजून येतात, आणि एकदा ते तिच्या सासरी बसले असताना व्याह्यांसमोरच असा फोन आला. त्यांना काय उत्तर द्यावे, हे मला सुचले नाही. नवा कायदा आमच्यासारख्या मंडळाला लागू होतो का, आणि जुन्या सूचींचे काय करावे?

उत्तर : रामबाग (व्यवसायाने वकील)

ताई, लागू होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली; नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमती, सूचना (म्हणजे कोणती माहिती कशासाठी घेतली, हे कळवणारी नोटीस), सुरक्षितता यांविषयीच्या मुख्य तरतुदींसाठी त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. घरगुती कामासाठी माहिती ठेवणाऱ्या व्यक्तीला कायद्यातून वगळले आहे. मंडळ मात्र व्यक्ती नव्हे, आणि केवळ लहान आहे म्हणून त्याला सूट मिळत नाही. कपाटातील कागदी फॉर्म कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, परंतु तीच माहिती एक्सेलमध्ये उतरवली की ती कक्षेत येते.

आपल्या प्रश्नाचा गाभा उद्देशात आहे. ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामासाठी ती वापरायची आणि ते काम संपले की, दुसरा कायदा ती ठेवायला सांगत नसेल तर, पुसून टाकायची, अशी ही रचना आहे. म्हणजे लग्न ठरल्याचे कळताच त्या मुलीची नोंद काढून टाकणे हे मंडळाचे कर्तव्य ठरते. संमती जितक्या सहजपणे देता येते, तितक्याच सहजपणे ती मागे घेता आली पाहिजे. पूर्वी संमती दिलेल्यांना शक्य तितक्या लवकर सूचना पाठवावी लागेल. ही सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याची सोय हवी, आणि मराठी त्या अनुसूचीत आहे, तेव्हा आपल्या सभासदांना ती मराठीतच द्यावी, असा माझा आग्रह आहे. सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मंडळावर एवढा दंड होईल असे मी म्हणत नाही, पण कायदा या गोष्टीकडे किती गांभीर्याने पाहतो, ते त्यावरून कळते.

उत्तर : लोकमान्यनगर

मी या कामात पंचवीस वर्षे घालवली आहेत, म्हणून थोडे वेगळे सांगतो. क्रमांकच छापला नाही, तर देवास, धार, उज्जैनहून येणारी वयस्कर मंडळी स्थळाशी बोलणार कशी? प्रत्येक वेळी मंडळामार्फत विचारणा करावी लागली, तर चांगली स्थळे हातची जातील.

उत्तर : विजयनगर (संगणकाचे काम पाहणारा)

काकांची अडचण खरी आहे. त्यासाठी फॉर्मवरच दोन वेगळे प्रश्न ठेवावेत : मोबाइल क्रमांक पुस्तिकेत छापावा का, आणि छायाचित्र छापावे का. दोन्ही चौकटी रिकाम्या असाव्यात; आधीच खूण केलेली चौकट म्हणजे संमती नव्हे. घरचा पत्ता आणि पगाराचा आकडा यांची पुस्तिकेत गरज नाही, गावाचे नाव पुरेसे आहे. आणखी एक गोष्ट : दहावी-बारावीच्या गुणगौरवासाठी मुलांची माहिती घेत असाल, तर १८ वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काका, ज्यांची हरकत नसेल त्यांचे क्रमांक छापले जातीलच. रविवारी कार्यकारिणीच्या बैठकीत नवा फॉर्म आणि सूचनेचा मराठी मसुदा मांडते. लग्न ठरलेल्यांच्या नोंदी मात्र आज रात्रीच काढायला बसते. त्या वडिलांनाही फोन करते. मंडळाच्या संगणकावरून नाव काढले आहे, पण बाहेर गेलेल्या प्रती आम्हाला परत आणता येणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगून क्षमा मागेन.