मदत हवी आहे: पेन ड्राइव्हमधले फोल्डर शॉर्टकट होतायत

अमळनेरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, विंडोज १०. परवापासून गिऱ्हाइकाचा कोणताही पेन ड्राइव्ह लावला की फोल्डरच्या जागी १ केबीचे शॉर्टकट दिसतात, कोपऱ्यात बाण. जागा मात्र तेवढीच भरलेली. डिफेंडरच्या (विंडोजमधलाच अँटीव्हायरस) फुल स्कॅनने दोन फायली काढल्या. ॲट्रिब कमांडने (फायलींचं 'लपलेलं' सेटिंग काढणारी) लपलेले फोल्डर परत आले, पण पेन ड्राइव्ह काढून लावला की पुन्हा तेच. मशीन स्लो आहे, पण ते आधीपासूनच रडतं, त्याचं खापर व्हायरसवर फोडत नाही.

शेजारचा म्हणतो, सरळ मशीन फॉरमॅट मार. त्यात टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) दोन वर्षांचा डेटा आहे, बॅकअप नाही. बँकेचे पासवर्ड मोबाइलवरून बदलले. डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन (विंडोज सुरू होण्याआधी चालतो तो) बाकी आहे. त्याने भागेल, की विंडोज नव्यानेच टाकावं? आणि टॅलीचं फोल्डर तेवढं कॉपी केलं तर ही कीड सोबत येईल का?