थेंब बंद करू नका
एकांनी विचारलंय, काचबिंदूचे थेंब ६ महिने घालूनही नजर सुधारली नाही, मग बंद करावेत का? अजिबात नको. गेलेली नजर थेंबांनी परत येत नाही. डोळ्यातला दाब कमी ठेवून उरलेली नजर वाचवायची, एवढंच त्यांचं काम. आईला टिमोलॉल नावाचे थेंब लिहून दिले तेव्हा दाब मोजणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासणाऱ्या) मुलीनेच विचारलं, "मावशी, दम्याचा त्रास आहे का?" होता की! आम्हीच सांगायचं विसरलो होतो. दम्यात टिमोलॉल चालत नाही, म्हणून डॉक्टरांनी लगेच बदलून रात्री एकदा घालायचं लॅटानोप्रोस्ट दिलं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा २ मिनिटं दाबून धरायचा, हेही त्या मुलीनेच शिकवलं. तोवर आईचे निम्मे थेंब गालावरच ओघळायचे.