उंबरखिंडीच्या वाटेला पायऱ्या हव्यात का?

मावळवाट (कोथरूड): आमच्या ट्रेक ग्रुपवर मागणी आली आहे की लोणावळ्याजवळच्या कुरवंड्याहून उंबरखिंडीत उतरणाऱ्या वाटेला सिमेंटच्या पायऱ्या आणि रेलिंग करा. माझा साफ विरोध. २ फेब्रुवारी १६६१ला निम्मी लढाई या वाटेनेच लढली. शाइस्ताखान पुण्यात ठाण मांडून होता, त्याने आपला सरदार कारतलबखान याला कोकणात धाडलं. आदल्याच वर्षी याच मोगलांनी ५६ दिवस वेढा घालून, सुरुंग लावून चाकण घेतलं होतं. खिंडीत मात्र ते बळ कुठे वापरणार? पुढची वाट अडलेली, मागचीही, आणि दोन्ही अंगांना झाडीत मावळे. गेल्या वर्षी उतरताना मला पुढच्या माणसाची फक्त सॅक दिसत होती. मागे बघायचं तर आधी पाय रोवावा लागायचा. खानाच्या फौजेचं काय झालं असेल ते तेव्हा कळलं. पायऱ्यांवरून हे कळणार नाही.

निळीछत्री (सिंहगड रोड): माझ्या वडिलांनी ३० वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता ७६ वर्षांचे आहेत. खिंडीखालच्या चावणी गावाच्या बाजूने गाडीने नेलं, स्मारकाच्या दगडावर हात ठेवून ते बराच वेळ उभे राहिले. पण खिंड बघायची राहिलीच. ज्याचे गुडघे शाबूत, त्याचाच इतिहास का?

मावळवाट: काकांसाठी चावणीकडून जमेल तितकी सपाट वाट करा, मी स्वतः सह्या गोळा करीन. वरचा उतार तेवढा सोडा.

दोरखंड (चिंचवड): मी निळीछत्रींच्या बाजूने. पावसाळ्यात आमच्यातल्या एका मुलीचा घोटा मोडला, तिला खाली आणायला चार तास लागले. जखमी माणसाला अनुभव नको असतो, धरायला काहीतरी हवं असतं.

पानगळ (सदाशिव पेठ): पायऱ्यांआधी फलकाचं बघा. त्यावर रायबागन ठळक हवी. माहूरची ही सरदारीण खानाच्याच फौजेत होती; शरण जा, असं तिनेच त्याला सांगितलं. महाराजांनी खंडणी घेऊन त्याला जिवंत जाऊ दिलं. कोंडीत सापडलेल्या फौजेची कत्तल केली नाही, हे माझ्या मुलांना तिथे वाचायला मिळालं पाहिजे.

मावळवाट: फलकाला शंभर टक्के पाठिंबा. दोरखंड, घसरणीच्या जागी लोखंडी कड्या ठोकून दोर लावायला माझी हरकत नाही. सिमेंट नको.

दोरखंड: आणि दोर कुजला की बदलणार कोण?